क्रीडा प्रशिक्षकाची जबाबदारी: मैदानावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळी शिबिराची फी भरायला आलेले पालक सहसा दोनच गोष्टी विचारतात: शिबिर किती दिवसांचं आणि टी-शर्ट मिळणार का. खरे प्रश्न येतात ते कुणाचा तरी हात मोडल्यावर. नव्याने अकॅडमी काढणारी पोरं फोन करतात त्यांचे प्रश्न आणखी वेगळे. दोन्हीकडचे प्रश्न माझ्या वहीत जमत गेले, त्यातले नेहमीचे इथे घेतले आहेत. मी ॲथलेटिक्स आणि खो-खो शिकवतो, वकिली करत नाही. तुमच्यावर प्रत्यक्ष प्रकरण आलं असेल तर हे वाचत बसू नका, वकील गाठा.

प्रशिक्षक व्हायला परवाना लागतो का?

नाही. सगळ्या खेळांच्या प्रशिक्षकांना परवाना सक्तीचा करणारा एकच असा कायदा आपल्या देशात नाही. उद्या सकाळी गळ्यात शिट्टी अडकवून कुणीही ‘सर’ होऊ शकतो, आणि होतातही.

म्हणून पात्रता पालकांनीच विचारून घ्यायची. सगळ्यात ओळखीचं नाव पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचं, म्हणजे एनआयएसचं. ही संस्था १९६१ साली तिथल्या राजघराण्याच्या मोतीबाग महालात सुरू झाली. तिची एक वर्षाची पदविका असते आणि सहा आठवड्यांचं प्रमाणपत्रही असतं. बोर्डावर दोन्ही ‘एनआयएस’ म्हणूनच लिहितात. तेव्हा “सर, वर्षाचं की सहा आठवड्यांचं?” असं सरळ विचारा. सहा आठवड्यांचं केलेला माणूस वाईट असतो असं मुळीच नाही, पण आपण कुणाकडे मूल सोपवतोय ते आपल्याला माहीत हवं. क्रिकेटमध्ये बीसीसीआयच्या लेव्हल असतात. फुटबॉलमध्ये अखिल भारतीय महासंघाच्या डी परवान्यापासून आशियाई महासंघाच्या प्रो परवान्यापर्यंत पायऱ्या आहेत. पोहण्याच्या तलावावर शिकवणाऱ्याशिवाय वेगळा जीवरक्षक आहे का, तेही बघा. एकच माणूस दोन्ही कामं करत असेल तर शिकवताना त्याचं अर्ध्या तलावाकडे लक्ष नसतं.

शाळेतले पी.टी.चे सर बी.पी.एड. आहेत, मग ते प्रशिक्षकच ना?

बी.पी.एड. ही शारीरिक शिक्षणाची शिक्षकी पदवी आहे. वर्गातल्या साठही मुलांना हालचाल करायला लावणं हे तिचं काम. एका खेळात एका मुलाला पाच वर्षं घडवणं हे काम वेगळं. दोन्ही उत्तम करणारे शिक्षक मी पाहिलेत, पण ते दुसरं काम त्यांनी वेगळं शिकून घेतलेलं होतं.

नॅशनल खेळलेला माणूस चांगला प्रशिक्षक असणारच, नाही का?

सचिन तेंडुलकरचे गुरू रमाकांत आचरेकर सरांच्या नावावर प्रथम श्रेणीचा एकच सामना आहे. द्रोणाचार्य पुरस्कार त्यांना १९९० साली मिळाला. यापुढे मी काही बोलायला नको, पण प्रश्न पुन्हा पुन्हा येतो म्हणून थोडं सांगतो.

सरांच्या बाबतीत सगळ्यांना सरावात स्टंपवर ठेवलेलं नाणं आठवतं, फलंदाजाला बाद करणाऱ्याला मिळायचं ते. मला त्यांची स्कूटर जास्त महत्त्वाची वाटते. एका मैदानावर सामना संपला की मुलाला मागे बसवून दुसऱ्या मैदानावर न्यायचं, तिथे पुन्हा फलंदाजीला उभं करायचं. कुठल्या मुलाला आज काय हवंय हे ओळखणं आणि ते मिळवून देण्यासाठी स्वतः पळणं, हे प्रशिक्षकाचं पहिलं कौशल्य. उत्तम खेळाडूला बहुतेक वेळा ‘मला जमतं, तुला का नाही?’ एवढंच कळतं.

दुसरं कौशल्य वाढत्या शरीराची समज. साधारणपणे मुलींची उंची बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांची चौदाव्याच्या आसपास झपाट्याने वाढते. त्या काळात हाडं पुढे धावतात आणि स्नायू मागे राहतात. गेल्या वर्षीचा चपळ मुलगा अचानक अडखळायला लागतो, गुडघ्याच्या वाटीखाली किंवा टाचेत दुखतं म्हणतो. ‘नाटकं करतोय’ असं म्हणून त्याला आणखी दोन फेऱ्या मारायला लावणारा प्रशिक्षक अडाणी. त्या महिन्यांत उड्या कमी करायच्या, तंत्रावर काम करायचं आणि दर महिन्याला भिंतीवर उंचीची खूण करायची. खर्च शून्य.

वेगवान गोलंदाजांच्या पाठीच्या मणक्याला बारीक तडे जातात, त्यामागचं कारण बहुतेकदा अतिगोलंदाजी हेच असतं. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने १३ वर्षांखालच्या वेगवान गोलंदाजाला एका स्पेलमध्ये ५ आणि दिवसात १० षटकांची मर्यादा घातली आहे. आपल्याकडे टेनिस बॉलच्या स्पर्धेत रविवारी तेच पोरगं सकाळपासून संध्याकाळपर्यंत तीन संघांकडून टाकत असतं, आणि सोमवारी सरावाला आल्यावर प्रशिक्षकाला त्याचा पत्ताही नसतो. ‘काल काय केलंस?’ हा सरावाचा पहिला प्रश्न हवा.

मुलींच्या बाबतीत आणखी एक. सराव वाढला आणि पाळी थांबली, तर तो फिटनेसचा पुरावा नव्हे. खाणं कमी पडतंय आणि हाडं कमजोर होण्याची वाट मोकळी होतेय, असा त्याचा अर्थ असू शकतो. पुरुष प्रशिक्षकांना हे बोलायला अवघड जातं. मग आईशी बोला, एखादी सीनियर मुलगी किंवा बाई मदतीला घ्या, पण डॉक्टरांकडे पाठवा.

सरावात मुलाला दुखापत झाली तर प्रशिक्षकावर गुन्हा दाखल होतो का?

नुसती दुखापत झाली म्हणून होत नाही. खेळात लागतंच, हे कायद्यालाही मान्य आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २५ मध्ये उदाहरणच खेळाचं दिलंय: दोन माणसं मौजेसाठी तलवारबाजी खेळायला तयार झाली, तर नियमाने खेळताना होणारी इजा दोघांनी मान्य केली असं धरलं जातं. जुन्या दंड संहितेत हेच उदाहरण कलम ८७ मध्ये होतं. फक्त ती संमती १८ वर्षांवरच्या माणसाची लागते आणि खेळ नियमाने झालेला असावा लागतो.

तुमच्या हाताखाली बहुतेक अठराच्या आतली मुलं असतात. तिथे प्रश्न असा विचारला जातो: समंजस प्रशिक्षकाने घेतली असती ती काळजी तुम्ही घेतली होती का? गोळाफेकीच्या पट्ट्यात मुलं चालत असताना गोळा टाकू दिला, मॅट न टाकता मल्लखांबावरून उतरायची कसरत करवली, ताप आहे सांगूनही पळवलं, तर तो निष्काळजीपणा. बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे जीव धोक्यात घालून दुखापत केली तर कलम १२५ लागतं: साध्या दुखापतीला सहा महिन्यांपर्यंत कैद, गंभीर दुखापतीला तीन वर्षांपर्यंत. मृत्यू झाला तर कलम १०६, पाच वर्षांपर्यंत. जुन्या ३०४-अ मध्ये ही मर्यादा दोन वर्षांची होती. नवी संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे आणि बऱ्याच प्रशिक्षकांच्या डोक्यात अजून जुनीच शिक्षा बसलेली आहे.

नुकसानभरपाई हा वेगळा भाग. १९९५ साली शाळेच्या सहलीत बियास नदीत १४ मुलं बुडाली. त्या प्रकरणात प्रत्येक मुलामागे पाच लाखांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली कायम केली. ती सहल होती, सराव नव्हता. तरी सूत्र तेच: मूल तुमच्या ताब्यात असेल तेवढा वेळ आईबापाने घेतली असती तशी काळजी घ्यायची. आणि भरपाईचा भार एकट्या शिक्षकावर पडत नाही, नेमणाऱ्या संस्थेवरही येतो. अकॅडमीच्या मालकांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आम्ही पालकांकडून ‘इजा झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही’ असं लिहून घेतो. मग चिंता नाही ना?

आहे. त्या कागदाने निष्काळजीपणा माफ होत नाही आणि फौजदारी गुन्हा तर मुळीच पुसला जात नाही. अल्पवयीन मुलाला करारच करता येत नाही, आणि बापाच्या सहीने मुलाचा हक्क संपतो असं समजून चालू नका. फॉर्म ठेवा, पण त्यावर उपयोगाच्या गोष्टी घ्या: रक्तगट, दमा, फिट्स, ॲलर्जी, आधीची शस्त्रक्रिया, चालू औषधं, दोन फोन नंबर, आणि पालक येईपर्यंत उपचार सुरू करायची संमती. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं आहे का, हेही विचारा. पालक चमकतात, पण हृदयाचे काही आजार वंशाने येतात.

मैदानावर तयारी काय हवी?

पहिल्यांदा १०८ ला सांगायचा मैदानाचा पत्ता तोंडपाठ हवा. नंबर सगळ्यांना येतो, पण ‘मैदान कुठे?’ विचारल्यावर ‘ते नाही का, टाकीजवळचं’ असं सांगतात. गेटची किल्ली कुणाकडे आणि गाडी कुठून आत येईल, हे ठरलेलं हवं.

मूल कोसळलं, हाकेला उत्तर नाही आणि श्वास नीट चालू नाही, तर लगेच छाती दाबायला लागा: मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या मुलांत पाच ते सहा सेंटिमीटर खोल. तोंडावर पाणी मारत, कांदा हुंगवत बसायचं नाही. हे वाचून येत नाही, पुतळ्यावर शिकावं लागतं. वर्षातून एकदा उजळणी करा.

उष्माघाताबद्दल जरा जास्त बोलतो, कारण आपली शिबिरं नेमकी एप्रिल-मेमध्ये असतात. विदर्भ-मराठवाड्यात त्या दिवसांत सकाळी नऊनंतर मैदानावर पोरं ठेवणं हा हट्ट आहे. मूल बरळायला लागलं, तोल जायला लागला, अंग भाजतंय, तर शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या पुढे गेलेलं असू शकतं. अशा वेळी गाडीची वाट पाहत सावलीत झोपवून ठेवणं पुरत नाही. बर्फाच्या पाण्याच्या टबात बसवा, डोकं वर धरून. टब नसेल तर पाणी ओतत राहा, बर्फाचे ओले टॉवेल बदलत राहा, वारा घाला. आधी थंड करायचं, मग हलवायचं. पहिल्या अर्ध्या तासात तापमान उतरलं तर मूल वाचण्याची शक्यता फार मोठी असते. त्या दिवसांत प्लास्टिकचा मोठा टब आणि बर्फाची दोन पोती एवढं तरी मैदानावर ठेवा.

वळवाच्या दिवसांत विजेचंही तसंच. गडगडाट ऐकू आला की मैदान रिकामं, झाडाखाली थांबायचं नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत उतरायचं नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप फोनमध्ये असू द्या.

डोक्याला मार लागून मूल गोंधळलं, उलटी झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्या दिवशी खेळ बंद. ‘सर, मी ठीक आहे’ हे त्याचं म्हणणं धरायचं नाही. परतायचं ते डॉक्टरांनी सांगितल्यावर, टप्प्याटप्प्याने.

दोन रट्टे दिल्याशिवाय पोरं घडत नाहीत, हे खरं ना?

आमच्या पिढीने वस्तादांचा मार खाल्ला आणि त्याच्या गोष्टी आम्ही अभिमानाने सांगतो. मार खाऊन खेळ सोडून गेले त्यांच्या गोष्टी सांगायला ते मैदानावर उरलेच नाहीत.

कायदा स्पष्ट आहे. शाळेत शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना बंदी आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ७५ ताब्यातल्या मुलाला मारहाण किंवा छळ करणाऱ्याला लागतं: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मुलांची काळजी सोपवलेल्या संस्थेत नोकरी करणाऱ्याने तेच केलं तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. पालकच येऊन सांगतात, “सर, हाणा याला, आमची परवानगी आहे.” कुणी अशी परवानगी दिली तर चहा पाजा आणि विषय बदला. शिक्षा म्हणून पाचशे बैठका घालायला लावणं हाही मारच आहे. अतिश्रमाने स्नायू फुटून मूत्रपिंडं बंद पडू शकतात.

पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, अकॅडमीला लागू होतो का?

होतो, आणि बहुतेकांना वाटतं त्यापेक्षा जास्त. २०२० च्या पॉक्सो नियमांत क्रीडा अकॅडमीचा थेट उल्लेख आहे. मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची, म्हणजे प्रशिक्षक, मैदानावरचा माळी, गाडीचा ड्रायव्हर, कायम असो वा कंत्राटी, ठरावीक काळाने पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घेणं संस्थेवर बंधनकारक आहे. ‘अहो, तो आपल्या गावचाच आहे’ ही पडताळणी नव्हे.

मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा होईल अशी धास्ती वाटली, तरी पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं कलम १९ प्रमाणे सक्तीचं आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडपणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. सद्हेतूने कळवलं तर तुमच्यावर कारवाई होत नाही. आधी आपण चौकशी करू, दोन्ही बाजूंना बोलावू, मिटवून टाकू, हे करायचं नाही. ते तुमचं काम नाही. मुलाचं नाव कुठेही फोडायचं नाही, पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नाहीच. प्रशिक्षक हा विश्वासाच्या आणि अधिकाराच्या जागी असतो, म्हणून गुन्हा त्यानेच केला असेल तर कायदा त्याला अधिक गंभीर मानतो. १०९८ हा मुलांसाठीचा नंबर मैदानाच्या फलकावर लिहून ठेवा.

मग हात धरून शिकवायचंच नाही का?

शिकवायचं. मल्लखांब, जिम्नॅस्टिक्स, कुस्ती हे हात न लावता शिकवणं म्हणजे फोनवरून पोहायला शिकवणं. आधी सांगा, “खांदा धरतोय, चालेल ना?”, मग धरा, आणि सगळ्यांसमोर. बंद खोलीत एकट्या मुलाला बोलवायचं नाही. स्पर्धेच्या गावी मुलांच्या खोलीत झोपायचं नाही, मुलींच्या संघाबरोबर महिला व्यवस्थापक असलीच पाहिजे. मसाज फिजिओकडे सोपवा. निरोप ग्रुपवर टाका, वैयक्तिक असेल तर पालकांना त्यात घ्या. रात्री अकरानंतर पंधरा वर्षांच्या मुलीला ‘उद्या लवकर ये’ असं लिहायचं काही कारण नसतं.

अठरा वर्षांवरच्या मुलींच्या तक्रारींचं काय?

त्यासाठी २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंध कायदा आहे. त्यात कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येत क्रीडा संस्था, स्टेडियम, क्रीडासंकुल आणि स्पर्धेची जागा असे शब्दच आहेत. तक्रार करायला नोकरीत असण्याची गरज नाही, खेळाडू पुरेशी. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर संस्थेची अंतर्गत समिती हवी, नसतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती. मुदत तीन महिन्यांची, सबळ कारण असेल तर आणखी तीन वाढतात.

वजनी गटासाठी पोरांना दोन दिवस उपाशी ठेवतात. चालतं का?

७ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० ग्रॅम वजन जास्त भरलं म्हणून कुस्तीगीर विनेश फोगट अंतिम लढतीआधीच बाद झाली, ते सगळ्यांनी पाहिलं. पण तिच्यामागे डॉक्टरांसकट सगळा ताफा होता. तालमीतल्या तेरा वर्षांच्या पठ्ठ्याच्या मागे तुम्ही एकटे असता. अमेरिकेत १९९७ साली अवघ्या काही आठवड्यांत तीन कॉलेज कुस्तीगीर वजन उतरवताना मेले, त्यानंतर तिथले नियम बदलले. वाढत्या वयाच्या मुलाला पाणी तोडून, प्लास्टिकचा सूट घालून पळवायचं नाही. वरच्या गटात लढवा. हरेल? हरू दे.

पावडर आणि इंजेक्शनचं कसं?

‘मला माहीत नव्हतं’ हा बचाव खेळाडूला जवळपास चालत नाही. शरीरात जे सापडलं त्याला तो जबाबदार, असं उत्तेजकविरोधी नियम सांगतात. सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन, सूज उतरवायला दिलेली स्टेरॉइडची गोळी, अशा साध्या गोष्टी स्पर्धेच्या काळात अंगाशी येतात. आजारपणासाठी औषध खरंच लागत असेल तर सवलतीचा अर्ज आधी करायचा. जिममध्ये आणि काही तालमींत मेफेंटरमाईनचं इंजेक्शन फिरतं. ते भूल दिल्यावर उतरलेला रक्तदाब सावरायचं औषध आहे, दम वाढवायचं नव्हे.

अल्पवयीन खेळाडू दोषी सापडला की त्याच्या प्रशिक्षकाचीही चौकशी होते. औषध देणं, पुरवणं, लपवायला मदत करणं हे प्रशिक्षकाचे स्वतंत्र गुन्हे आहेत, आणि अल्पवयीनाच्या बाबतीत बंदी आजन्म असू शकते. अकॅडमीत पावडरचे डबे विकून कमिशन खाणाऱ्यांनी याचा विचार करावा.

जन्मतारीख दोन वर्षं मागेपुढे केली तर?

बनावट दाखला करणं आणि तो माहीत असून वापरणं, दोन्ही गुन्हे. सल्ला देणारा प्रशिक्षकही त्यात येतो. क्रिकेटमध्ये मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय काढतात, तिथे पोरगं उघडं पडतं. न खेळलेल्या स्पर्धेचं प्रमाणपत्र देणं त्याहून वाईट. राज्यात शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि प्रमाणपत्रांची पडताळणी क्रीडा उपसंचालकांकडे होते. मूळ नोंदी नसतील तर ज्याने सही केली तो अडकतो.

स्पर्धेला मुलांना बाईकवरून नेलं तर चालेल?

आचरेकर सरांची स्कूटर वर आलीच आहे. एक मूल, त्यालाही हेल्मेट, पालकांना कळवून. तिघं बसवायची असतील तर एस.टी. आहे.

एवढं सगळं लक्षात कसं ठेवायचं?

लक्षात ठेवायचं नाही, लिहायचं. दोनशे पानी वही घ्या. हजेरी, मैदानाची पाहणी, काय शिकवलं, कुणाला काय लागलं, कुणाला फोन केला, किती वाजता. त्याच दिवशी, पेनाने, खाडाखोड न करता. प्रकरण दोन वर्षांनी उभं राहतं तेव्हा तुमच्या आठवणीला कुणी विचारत नाही, वही मागतात. माझ्या वहीतलं एक पान नमुन्यादाखल:

‘मंगळवार, सं. ५.४० ते ७.१०. हजर २३, गैरहजर ४. लांब उडीचा खड्डा खणला, काचेचा तुकडा निघाला, फेकला. खोखोच्या पूर्वेकडच्या खांबाला चीर, वापर बंद, क्रीडासंकुलाला लेखी कळवलं. आठवीतल्या मुलाचा उजवा घोटा मुरगळला ६.२०, बर्फ, आईला फोन ६.२५, आई आली ६.४५, डॉक्टरांकडे नेते म्हणाली. ७.२० ला शेवटचं मूल गेलं. गेटला कुलूप मी लावलं.’